मुलांच्या शूटिंग रेंजवर आरओ (रेंज ऑफिसर) म्हणून उभं राहणार असाल तर

पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्या क्लबात दोन प्रकारचे फोन येतात. पहिला नेहमीचा: मुलाला शूटिंगला घालायचंय, फी किती? दुसरा असा: मी कॉलेजात एनसीसीत होतो, नेम चांगला होता, रविवारी मुलांवर लक्ष ठेवायला येऊ का? हे लिहिणं या दुसऱ्या फोनवाल्यांसाठी, म्हणजे आरओ होऊन रांगेच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्यांसाठी. या, माणसांची गरज आहेच. फक्त आधी थोडं ऐकून घ्या.

एअर रायफल, एअर पिस्तूल, पीप साईट, ओपन साईट, लोड-स्टार्ट-स्टॉप-अनलोड या कमांड हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

कागदांचं पटकन. कोच आणि जज हे दोन वेगळे रस्ते आहेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची कोचिंगची लायसन्स डी पासून ए पर्यंत चढत जातात. जजचा रस्ता निराळा, त्यात नियमपुस्तक, इक्विपमेंट कंट्रोल (साहित्याची तपासणी), आक्षेप, गुणांचे वाद असं सगळं येतं. दोन्ही शिकण्यासारखं आहे, जमेल तेव्हा करा. पण रविवारी सकाळी दहा-बारा पोरं रांगेत उभी असताना काय करायचं, हे त्या कागदाने आपोआप येत नाही. अमेरिकेत फोर-एच नावाचा मुलांचा मोठा उपक्रम आहे. तिथे रायफल, पिस्तूल, शॉटगन, तिरंदाजी, प्रत्येकाचं प्रशिक्षण प्रौढांना वेगळं घ्यावं लागतं. मला हे फार पटतं. रायफल लांब असते, वळवायला जड जाते. पिस्तूल मनगटासरशी वळतं. एकावर नजर बसली म्हणून दुसऱ्यावर बसेलच असं नाही.

एका दिवसात 'रेंज सेफ्टी सर्टिफिकेट' देणारे लोकही भेटतील. फोटो, लंच, लॅमिनेशन. पैसे वाचवा. त्यापेक्षा जुन्या आरओच्या मागे महिनोन्‌महिने गप्प उभे राहा, मग तो बाजूला असताना कमांड द्या, मग त्याने सांगितलं तरच एकट्याने. आणि रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स मात्र खरोखर करा.

आता मुख्य खड्डा. मी त्यात पडले होते, आणि शूटिंग येणारा जवळपास प्रत्येक जण पडतो.

खड्डा म्हणजे मदत करणं.

तीन नंबरच्या लेनवरची (नेम धरायच्या जागेवरची) मुलगी कोपर बरगडीला न टेकवता रायफल पेलतेय. तुम्हाला दिसतं. तुम्ही जाता, वाकता, दोन वाक्यं सांगता. पुढचा शॉट चांगला लागतो, मुलगी हसते, मागे बसलेली आई हसते. तेवढ्यात सात नंबरवरच्या पोराची पेलेट (छर्रा) अडकते आणि तो विचारायला वळतो. मुलं मान वळवून बोलत नाहीत, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे अख्खी वळतात. आणि हातात जे असेल ते त्यांच्याबरोबर वळतं. त्या क्षणी सबंध रांगेकडे पाहणारा एकही मोठा माणूस नसतो, कारण तो तीन नंबरवर कोपर दुरुस्त करत असतो.

कोच आणि आरओ एका वेळी एक माणूस असू शकत नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पाळतं कोणी नाही. का पाळत नाही तेही सांगते. एअर गनची रेंज शांत असते. आठवड्यामागून आठवडे काही घडत नाही. काही घडत नाही म्हणजे रांग आपली आपण नीट चाललीय असं वाटू लागतं, आणि नुसतं उभं राहायची लाज वाटते. शिकवल्याबद्दल पालक पेढे देतात, बघत राहिल्याबद्दल आजवर मला कोणी चहासुद्धा विचारलेला नाही.

त्यात भर इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या स्क्रीनची. एअर रायफलचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्याच्या आसपास शॉट पडला की स्क्रीनवर १०.४ दिसतं आणि नजर तिकडे जातेच. जुन्या नेमबाजांची तर हमखास. स्क्रीनवर जे दिसतं ते घडून गेलेलं असतं. तुमचं काम ट्रिगरवरच्या बोटाशी आणि नळीच्या तोंडाशी. आमचे सीनियर मध्येच विचारायचे, 'पाच नंबरचं बोट कुठे आहे?' उत्तर देताना पाच नंबरकडे पाहावं लागलं की नापास. जाच वाटायचा. पण दुसरा उपाय मला आजही माहीत नाही.

उभं कुठे राहायचं, हाही याच खड्ड्याचा भाग. उजव्या हाताची मुलं रायफल घेऊन उभी राहिली की डावा खांदा टार्गेटकडे आणि छाती उजवीकडे येते. म्हणजे रांगेच्या मागे उजव्या टोकाला राहिलात तर त्यांचे हात दिसतात, पण डावखुऱ्याची फक्त पाठ. म्हणून डावखुरं मूल मुद्दाम कडेच्या लेनवर ठेवा, किंवा दुसरा माणूस घ्या. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं. लिहिलं असतं तरी, पाटी वाचून सुधारायला आपण पुण्यात आहोत हे विसरू नका.

घाबरलात? थोडं घाबरा, पण पळू नका. नजर सवयीने बसते. मी डोंगर चढले नाही, रोज थोडी थोडी स्क्रीनकडे बघायची थांबले, इतकंच.

सेफ्टी फ्लॅगबद्दल हट्टी राहा. एअर गनमध्ये केशरी दोरी नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार गेलेली हवी. मागून नुसती खोचलेली असेल तर आत पेलेट नाही याची खात्री कोण देणार? कोणीही फायरिंग लाइनच्या पुढे गेलं, टार्गेट बदलायला का होईना, की सगळ्यांचे फ्लॅग आत आणि गनला हात नाही. ४.५ मिमीच्या स्पर्धेच्या एअर गनला परवाना लागत नाही म्हणून पालक तिला खेळणं समजतात. मॅच रायफलची पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर जाते. डोळा जायला तेवढं पुरे. मोबाईल घेऊन लेनजवळ येणाऱ्या बाबांना हा आकडा सांगा, पाय आपोआप मागे जातात.

फौजेतून आलेल्या उस्तादांबद्दल माझं मत दोन तुकड्यांत आहे. रांगेची शिस्त त्यांच्यासारखी कोणी लावत नाही. पण बोट ट्रिगरवर असलेल्या अकरा वर्षांच्या मुलावर परेड ग्राउंडचा आवाज काढू नये. मोठा आवाज फक्त 'स्टॉप'साठी राखून ठेवा, म्हणजे तो निघाला की सगळे थिजतात. आणि 'स्टॉप' म्हणायचा हक्क सगळ्यांत लहान मुलालाही द्या. चुकून ओरडलं तर रागवू नका.

स्टान्स, म्हणजे उभं राहायची ढब, दुरुस्त करताना अंगाला हात लागतो. आधी विचारा, कुठे धरणार ते सांगा, दुसरं मोठं माणूस समोर असू दे. मूल नको म्हणालं तर स्वतः उभं राहून दाखवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, 'क्लबात मिटवू' हा पर्याय नाही.

बारीकसारीक: पेलेट शिशाच्या असतात, तेव्हा हात धुतल्याशिवाय डबा उघडू द्यायचा नाही आणि तोंडात पेलेट धरणाऱ्या पोराला तिथेच थांबवायचं. गनला दाबलेली हवा पुरवणाऱ्या एअर सिलिंडरवरची तारीख बघा, दहा वर्षांवरचा बाजूला ठेवा. शाळांत अजून नळी मोडून भरायच्या जुन्या गन असतात. नळी झटकन परत आली तर बोटं सापडतात, म्हणून पेलेट घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरायला पहिल्याच दिवशी शिकवा.

एक प्रसंग तुमच्यावर येणार हे नक्की. रविवारी दुसरा माणूस येत नाही, पालक दूरवरून गाडी काढून आलेले असतात, आणि सेक्रेटरी म्हणतात, 'मॅडम, आजच्या दिवस तुम्हीच दोन्ही बघा ना, रजिस्टरवर सही करा.' सही करू नका. भांडूही नका. म्हणा, 'मी आरओ म्हणून उभी राहते, आज शिकवणं बंद. ज्यांना स्वतःचं स्वतः येतं ती मुलं शूट करतील, बाकीची माझ्यामागे बसून होल्डिंगची, म्हणजे गन स्थिर धरायच्या सरावाची, वही भरतील.' सेक्रेटरी नाराज होतील, दोन पालक फी परत मागतील. वही आणि पेन्सिली मात्र आधीपासून कपाटात ठेवलेल्या हव्यात, ऐन वेळी शोधू नका.