कोडिंगमधून प्रॉडक्टकडे: पहिल्या दोन-तीन वर्षांतच वळायचं असेल तर

आधी एक गोंधळ मिटवू. काय बनवायचं आणि का, हे प्रॉडक्ट मॅनेजर ठरवतो. ठरलेलं काम वेळेत कसं उरकेल, हे प्रोजेक्ट मॅनेजर पाहतो. जाहिरातीत पहिलं नाव छापून दुसरं काम देणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. म्हणून मुलाखतीत विचारा: ‘गेल्या तीन महिन्यांत कोणती गोष्ट बनवायची नाही असं ठरलं, आणि ते कोणी ठरवलं?’ उत्तर ‘वरून आलं’ असेल, तर तुमच्या वाट्याला तिकिटं (नोंदवलेली कामं) सरकवणंच येणार.

ग्राहकासमोर बोलायला आवडत असेल तर प्री-सेल्सचाही विचार करा. डेमो देणं, तांत्रिक शंका सोडवणं यात कोडिंगचा अनुभव पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. मात्र तिथे पगाराचा काही भाग बहुधा विक्रीच्या टार्गेटला बांधलेला असतो.

सर्वांत सोपी वाट आहे त्याच कंपनीतली. बाहेर अर्ज केलात की प्रॉडक्टचा अनुभव शून्य धरतात. आत मात्र तुमचं काम लोकांनी पाहिलेलं असतं. नवख्यांसाठी असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरच्या योजनाही असतात. गूगलने अशी योजना २००२ मध्ये सुरू केली, पुढे इतरांनीही केल्या. पण जागा मोजक्या, तेव्हा केवळ त्यांच्या भरवशावर राहू नका.

सुरुवात सपोर्टच्या तिकिटांपासून, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारींपासून करा. शेवटची ५० वाचा आणि कारणांनुसार गट पाडा. गटाचं नाव ग्राहकाच्या शब्दांत द्या: ‘पैसे कापले पण ऑर्डर दिसत नाही’ असं, ‘पेमेंट टाइमआउट’ असं नव्हे. मग त्यातल्या सर्वांत मोठ्या गटातल्या पाच-सहा जणांशी बोला. ‘हे फीचर दिलं तर वापराल का?’ असं विचारू नका. भिडेखातर सगळे हो म्हणतात. ‘मागच्या वेळी अडलात तेव्हा काय केलंत?’ हे विचारा आणि गप्प बसा. त्यानंतर एसक्यूएलने (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेने) तपासा, की लोक नेमक्या कोणत्या पायरीवर आणि किती गळतात.

हे सगळं एका पानात मांडा: अडचण काय, कोणाची, पुरावा कोणता, कोणता आकडा कुठून कुठे न्यायचा, आणि या खेपेला काय करायचं नाही. इंजिनिअर हमखास इथेच घसरतो. तिसऱ्या ओळीत डेटाबेसच्या टेबलांची नावं आणि एपीआय, म्हणजे उपायाचे तांत्रिक तपशील, अवतरतात. ते खोडा. उपाय आधी सुचला की पुरावा त्याच्या मापाने कापला जातो, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आकड्यांतला एक सापळा ए/बी चाचणीचा, म्हणजे दोन गटांना दोन वेगळ्या आवृत्त्या दाखवून तुलना करण्याचा. खरेदीचं प्रमाण ५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं हे खात्रीने सांगायला (नेहमीचे निकष, म्हणजे ५ टक्के सार्थकता, अर्थात फरक नसताना तो दिसण्याची शक्यता, आणि ८० टक्के पॉवर, अर्थात फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता, धरून) प्रत्येक गटात साधारण ८,००० माणसं लागतात. रोज डोकावून, आकडा बरा दिसला त्या दिवशी चाचणी थांबवली, तर नुसत्या योगायोगालाच यश समजून बसाल.

एवढं हातात आलं की मॅनेजरशी बोला. तुमचा बेत त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. मागणी नेमकी ठेवा: आठवड्यातला एक दिवस, तीन महिने, एकच छोटं फीचर, आणि निर्णयाचा अधिकार. उरलेल्या चार दिवसांचं कोडिंग किती, तेही त्याच बैठकीत ठरवून ईमेलवर घ्या. बहुतेक प्रयोग इथेच मोडतात: कोडिंगचं काम पूर्वीइतकंच राहतं आणि प्रॉडक्टचं काम रात्रीवर ढकललं जातं.

रेझ्युमेत ‘मायक्रोसर्व्हिस लिहिली’ याच्या जागी कोणता निर्णय घेतला, कोणते पर्याय सोडले आणि आकडा किती हलला, हे लिहा. आकडा हलला नसेल तर तसं लिहा, आणि का हलला नाही तेही.

बदली झाल्यावर जुन्या सहकाऱ्यांना ‘हे तर दोन दिवसांचं काम’ म्हणायचा मोह फार होतो. अंदाज त्यांनाच देऊ द्या. तुमचा बरोबर असला तरी.