एडिटिंगसाठी मशीन (कॉम्प्युटर) घेताय? आधी सोलापूरचा उन्हाळा लक्षात घ्या

दुकानात जाण्याआधी कामाचा हिशेब कागदावर मांडा. व्हिडिओ किती, फोटो किती, गाणी किती. हा कागद हातात नसेल तर दुकानात पडून असलेला माल तुमच्या गळ्यात पडणार. कॅमेरा १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके व्हिडिओ घेत असेल तर तासाला ४५ जीबी भरतात. दोन कॅमेरे, चार-चार तास, म्हणजे एका लग्नाचे ३६० जीबी. ५१२ जीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) तेवढ्यातच भरत येते, दुसऱ्या लग्नाचं काय करणार? म्हणून चालू कामाला निदान एक टीबीची एनव्हीएमई (आणखी वेगवान प्रकारची एसएसडी), जुन्या कामांना साधी मोठी हार्ड डिस्क आणि बॅकअपला एक वेगळी, मशीनबाहेर ठेवलेली.

रॅम ३२ जीबी. मॅकमध्ये आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. घेतानाच पुरेशी घ्या.

कॅमेऱ्याची फाइल कोणत्या प्रकारची आहे तेही बघून जा. एच २६५, १०-बिट, ४:२:२ (जास्त रंगमाहिती ठेवणारा, मशीनला जड जाणारा प्रकार) असेल तर इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं इनबिल्ट ग्राफिक्स ती सहज चालवतं; एनव्हीडियाच्या ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांत ती सोय नाही. आणि नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्यात हे ग्राफिक्सच नसतं.

आता गरमी. माझ्या मागच्या खरेदीत नेमकं हेच बघायचं राहिलं होतं, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि लग्नाचा सीझनही तेव्हाच. मशीनमधला पंखा खोलीतल्याच हवेने चिप थंड करतो. ती हवाच तापलेली असेल तर चिप शंभर अंशांच्या आसपास पोचते आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवते. महागड्या प्रोसेसरचे पैसे भरायचे आणि ऐन मे महिन्यात एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) रांगत चालणार. पातळ लॅपटॉपला हे सगळ्यात आधी होतं. बाहेरगावी जाऊन एडिट करायचं नसेल तर डेस्कटॉपच घ्या. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं, समोरची काच दिसते छान पण वारा अडवते. पुढून हवा आत, मागून बाहेर. प्रोसेसरसोबत फुकट येणाऱ्या कूलरवर भागवू नका, वेगळा मोठा घ्या. पूर्व भागात राहत असाल, शेजारी यंत्रमाग असेल, तर सुताचे बारीक तंतू जाळीवर चिकटून थर बनतो; काढून झटकता येईल असा डस्ट फिल्टर असलाच पाहिजे. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत मात्र मशीनवर सोडू नका, ओलावा आत जातो. बजेट कमी पडलं तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण कूलिंगचे पैसे कापू नका.

संगीतवाल्यांनाही हेच लागू. लहान पंखा जोरात फिरतो आणि त्याचा आवाज माइकमध्ये उतरतो; मोठे, संथ फिरणारे पंखे लावा. ऑडिओ इंटरफेस (माइक मशीनला जोडणारा डबा) स्वतःच्या एएसआयओ ड्रायव्हरचा घ्या; विंडोजवर आवाजाचा उशीर कमी ठेवणारा हा ड्रायव्हर. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (आवाजाचा एका वेळी घेतला जाणारा तुकडा) म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आतला उशीर. हा बफर मशीनला तडतड न करता झेपला पाहिजे, आणि तोही दुपारी, तापलेल्या खोलीत.

मॉनिटर आयपीएस पॅनलचा, एसआरजीबी (रंगांचा ठरलेला पल्ला) १०० टक्के दाखवणारा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला पॅनल कमी रंग दाखवतो, तो फोटोच्या कामाचा नाही. गड्डा यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी त्यावर ठीक दिसेल आणि अल्बम छापून आला की निळसर निघेल.

यूपीएस घ्याच. साधा ६०० व्हीए क्षमतेचा ३६० वॉटच्या आसपास देतो, ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला तो अपुरा. हजार व्हीएच्या पुढचा बघा. कीबोर्ड, माउस जे आवडेल ते.

बिल पक्कं, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर. मशीन घरी आलं की भर दुपारी तासाभराचा एक्स्पोर्ट लावून प्रोसेसरचं तापमान आणि वेग बघा. वेग पडत असेल तर त्याच आठवड्यात दुकानात परत न्या.