बेडूक मातीत शिरत नाही, तळातून कुजका वास येतो: शेवटी काय जमलं

काचेच्या टाकीत पाळलेला पॅकमन बेडूक (मातीत पुरून बसणारी, मोठ्या तोंडाची जात) दिवसभर वरच बसायचा. माती वरून कोरडी, खाली चिखल. उकरली की सडक्या अंड्यासारखा वास. फवारणी वाढवली, वरचा थर बदलला, स्प्रिंगटेल (बुरशी आणि कुजका कचरा खाणारे मातीतले बारीक किडे) दोनदा सोडले, तेही मेले. डोकं पिकलं.

निचराच नव्हता, त्यामुळे तळाला हवा पोचत नव्हती.

टाकी पूर्ण रिकामी केली. तळाला ५ सेंमी लेका, म्हणजे भाजक्या मातीचे गोळे. त्यावर फायबरग्लासची जाळी, कडा काचेवर ३ सेंमी वर वळवलेल्या. नाहीतर उकरत बेडूक थेट गोळ्यांत पोचतो. कोपऱ्यात उभी नळी, साचलेलं पाणी सिरिंजने ओढायला. मग १२ सेंमी मिश्रण: ३ भाग कोकोपीट, २ भाग खत नसलेली माती, १ भाग वाळकी पानं चुरून. खडे, परलाइट (कुंड्यांत घालतात ते पांढरे हलके दाणे) अजिबात नको. घासाबरोबर पोटात जाऊन अडकतात. ओल मुठीत तपासा: दाबल्यावर गोळा टिकावा, पाणी गळू नये.

आता स्प्रिंगटेल आणि छोटे पांढरे आयसोपॉड (कुजका पाला, विष्ठा खाणारे कवचवाले जीव) सोडून ४ आठवडे टाकी तशीच ठेवली. बेडूक त्यानंतर.

पाणी क्लोरीन काढलेलं, फवारून नाही, कडेने ओतायचं. विष्ठेचा मोठा गोळा मात्र हातानेच उचला, एवढं काम किड्यांना झेपत नाही.