माजी सैनिकांच्या आठवणी कशा ऐकाव्यात आणि कशा नोंदवाव्यात

१९६५ च्या लढाईत विशीत असलेल्या जवानाने आज ऐंशी गाठली आहे आणि १९७१ चे जवानही पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. म्हणून 'यंदाचा कापूस घरी आला की जाऊ' असे म्हणत ही भेट पुढे ढकलू नये.

गावातून फौजेत कोण गेले होते, हे पारावरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. पहिल्या भेटीत वही किंवा मोबाइल बाहेर काढू नये. ऊन चढण्याआधी जावे, ओसरीवर बसून पीकपाण्याचे बोलावे आणि आपण कोणाच्या घरचे हे आधी सांगावे, कारण आमच्या विदर्भातल्या खेड्यांत तेवढे कळल्याशिवाय म्हातारी माणसे मोकळी होत नाहीत. पुढच्या भेटीत परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत अर्धे शब्द बुडतात आणि ऐंशीच्या माणसाला कूलर बंद करून बसवणे योग्य नव्हे, म्हणूनही सकाळच बरी. तोफांच्या आवाजाने अनेकांचे कान अधू झालेले असतात. त्यांच्या समोर बसून सावकाश बोलावे.

'किती शत्रू मारले?' हा प्रश्न कधीही विचारू नये. सुरुवात घरातल्या वस्तूंपासून करावी. मी ज्यांच्याकडे जातो, त्या हवालदार आबाजींनी पांढऱ्या रंगात नाव आणि क्रमांक लिहिलेली लोखंडी पेटी उघडली, संग्राम मेडल (१९७१ च्या लढाईचे पदक) हातात घेऊन त्याच्या कडेवरच्या बारीक अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि लढाईविषयी काही सांगण्याआधी शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या सोबत्याचे नाव घेतले. मग ते बराच वेळ गप्प राहिले. अशा वेळी आपणही गप्प बसावे.

पदकांवरून पुष्कळ समजते. 'पूर्वी स्टार' नावाचे पदक असेल तर जवान १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर होता, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेला. समर सेवा स्टार १९६५ चा. पदके घासून चकचकीत करू नयेत, आणि डिस्चार्ज बुकाचे (फौजेतून सुटताना मिळालेल्या नोंदपुस्तिकेचे) छायाचित्र तिथेच बसून घ्यावे, मूळ कागद घराबाहेर नेऊ नये. सांगितलेली तारीख कागदाशी जुळली नाही, तर मध्येच टोकण्याऐवजी दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात.

घरातल्या आजींशी वेगळे बोलायला विसरू नये. १९७१ ची लढाई ३ ते १६ डिसेंबर अशी चालली, पण घरी ती जवानाचे पत्र येईपर्यंत संपली नव्हती. ते दिवस कपाशीच्या वेचणीचे. कमरेला ओटी बांधून शेतात वाकलेल्या बाईचे लक्ष पोस्टमनच्या वाटेकडे असे, आणि पत्र आले तरी '५६ ए.पी.ओ.' (लष्करी टपाल कार्यालय) एवढ्या पत्त्यावरून नवरा नेमका कुठे आहे हे तिला कळत नसे. हे कोणी तिला विचारलेलेच नसते, त्यामुळे या बोलण्याला पुरेसा वेळ द्यावा.

लिहून झालेला मजकूर त्या माजी सैनिकांना मोठ्याने वाचून दाखवावा, त्यांनी नको म्हटलेला भाग काढून टाकावा, आणि हयात नसलेल्या सोबत्यांची नावे व गावे त्यांच्याकडून अक्षर न् अक्षर तपासून घ्यावीत.