सेटलमेंटला जाण्याआधी: पत्र हातात आल्याशिवाय पैसे नाहीत

थकलेल्या कर्जाची तडजोड करायला निघालेल्या प्रत्येकासाठी हे लिहितेय, कारण मी एकदा त्यात पोळले आहे. महिन्याची शेवटची तारीख, संध्याकाळचे सहा वाजलेले, वसुलीवाला फोनवर म्हणतो, "मॅडम, ऑफर आजच संपते." मी पैसे भरले. पत्र मागितलंच नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्याच एजन्सीचा फोन आला, त्याच क्रेडिट कार्डाच्या उरलेल्या रकमेसाठी, वर व्याज लावून. तडजोड झाल्याचा माझ्याकडे एकही कागद नव्हता.

पॅन, आधार, खातेउतारे तुम्ही घ्यालच. त्याआधी क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, काढा, आणि चारही क्रेडिट कंपन्यांचे काढा: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. नुसता स्कोअर बघून मिटवू नका. खात्याखाली महिनावार थकलेले दिवस लिहिलेले असतात, हप्ता किती लांबला ते तिथे कळतं. 90 दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-अनुत्पादक, होतं. आपलं नसलेलं खातं दिसलं तर लगेच तक्रार टाका. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे.

आता पत्र. बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज म्हणजे पत्र नव्हे, एजंटचा शब्द तर नव्हेच. त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायची शेवटची तारीख, आणि 'यानंतर या खात्यावर काहीही येणे राहणार नाही' हे वाक्य हवंच. ते वाक्य नसेल तर पत्र परत पाठवा. क्रेडिट कंपन्यांना काय कळवणार तेही लिहून घ्या. कमी रकमेत मिटवलं तर अहवालात 'सेटल्ड' पडतं, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढचं कर्ज देणारा ते वर्षानुवर्षं बघतो. थोडी ओढाताण करून पूर्ण रक्कम भरता येत असेल तर पूर्णच भरा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर जामीनदाराला आधी सांगा. कायद्याने त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच आहे. सहकार कायद्याच्या कलम 101चा वसुली दाखला निघाला की वसुली त्याच्या पगारापर्यंत पोचते, आणि ते त्याला नोटिशीतून कळणं फार वाईट.

दिवाळखोरीचं बरेच जण विचारतात. 2016च्या कायद्यातला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. तुमच्या-माझ्यासाठी अजून 1920चा प्रांतिक कायदा आणि जिल्हा न्यायालय. मुंबईत 1909चा कायदा आणि उच्च न्यायालय. वकिलाशिवाय त्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा लोकअदालतीची नोटीस आली असेल तर जरूर जा. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच धरला जातो, वर अपील नाही. पण तिथेही निवाड्याची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही.

वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर आले तर नियमाविरुद्ध आहेत. वेळ आणि नंबर टिपून ठेवा. घाई लावणाऱ्याला एकच उत्तर: पत्र पाठवा, पैसे तयार आहेत.

रोख नाही, बँकेतूनच भरा. पावती. नो ड्यूज, म्हणजे काही येणे नसल्याचा, दाखला. दिलेले कोरे चेक परत. तारण असेल तर मूळ कागद 30 दिवसांत, उशिराला दिवसाला 5000 रुपये. बँक ऐकत नसेल तर लेखी तक्रार, आणि 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. दोन महिन्यांनी चारही अहवाल परत बघा. आणि त्या पत्राच्या दोन झेरॉक्स काढून एक घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा.