रात्रीचा गिटार रियाज : हेडफोन ॲम्प कसा निवडावा, कसा लावावा आणि त्यावर काय वाजवावे

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्याला निवांत वेळ मिळतो तो बहुधा रात्रीची जेवणे आटोपल्यावर, आणि ॲम्प्लिफायर मोकळ्या आवाजात वाजवण्यासाठी तीच वेळ सर्वांत गैरसोयीची असते. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या काळात 45 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. ‘माझा ॲम्प तर दहाच वॅटचा आहे’ असे समाधान अनेक जण करून घेतात, परंतु त्यात तथ्य नाही. गिटारसाठी बनवलेले कित्येक स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, 95 डेसिबलच्या पुढे आवाज देतात. शक्ती दहापटीने घटवली तरी पातळी केवळ दहा डेसिबलने उतरते, म्हणजे वॅटच्या शंभराव्या भागावरही 75 डेसिबलचा आवाज खोलीत भरून राहतो. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये किंवा चाळीतल्या खोलीत रात्री साडेदहाला रोज वाजवायचे असेल, तर हेडफोन हाच खरा मार्ग आहे.

मात्र केवळ शेजाऱ्यांसाठी केलेली तडजोड म्हणून त्याकडे पाहू नये, असे मला मनापासून वाटते. हेडफोनमध्ये गिटार कानाच्या अगदी जवळ येते. शेजारची तार नकळत घुमली, फ्रेटवरचे बोट अर्धा क्षण आधी उचलले गेले, पिक तारेवर तिरका घासला, हे सारे स्पष्ट ऐकू येते. गिटारचा आवाज हेडफोनवर ऐकवणारे छोटे उपकरण, म्हणजे हेडफोन ॲम्प, चुकीचे लावले, तर मात्र हेच दोष त्याच्याआड दडून राहतात. म्हणून ते कसे लावायचे हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम एक नेहमीची शंका. हेडफोन थेट गिटारलाच जोडला तर? जोडणी जमली तरी आवाज जेमतेमच येतो. गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि तार कंप पावली की त्यात अत्यंत क्षीण विद्युतसंदेश निर्माण होतो. त्या संदेशाला दहा लाख ओहमच्या आसपास रोध असलेला प्रवेशमार्ग लागतो, तर साधा हेडफोन असतो 32 ओहमचा. हेडफोन ॲम्प या दोहोंमधला दुवा बनतो, आणि त्याशिवाय आणखी एक महत्त्वाचे काम करतो. गिटारचा खरा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे स्वर फारसे उमटू देत नाही. हेडफोन मात्र ते सगळे कानात ओततो, त्यामुळे डिस्टॉर्शनचा, म्हणजे रॉक संगीतात मुद्दाम फाटका केलेला, आवाज माशी घोंघावल्यासारखा कर्कश लागतो. चांगला हेडफोन ॲम्प स्पीकर-पेटीचा हा परिणाम आतच घडवून मग आवाज बाहेर सोडतो. खरेदी करताना ‘कॅबिनेट सिम्युलेशन’ आहे का, हे विचारावे ते याचसाठी.

ही कल्पना नवी नाही. ‘बॉस्टन’ या अमेरिकन बँडचे गिटारवादक आणि पेशाने अभियंते असलेले टॉम शोल्झ यांनी 1982 मध्ये ‘रॉकमन’ हे कमरेला अडकवण्याजोगे उपकरण बाजारात आणले आणि हेडफोनवरही भरदार सूर मिळू शकतो हे दाखवून दिले. आज व्हॉक्सच्या ‘ॲमप्लग’सारखी, थेट गिटारच्या जॅकमध्ये बसणारी, ट्रिपल-ए आकाराच्या दोन सेलवर चालणारी छोटी उपकरणे मिळतात, फेंडरचा ‘मस्टँग मायक्रो’ यूएसबीने चार्ज होतो आणि त्यात अनेक ॲम्पचे आवाज भरलेले असतात. नवशिक्याने आवाजांच्या संख्येवर भुलू नये. एक स्वच्छ आणि एक हलका डिस्टॉर्शनचा, असे दोन चांगले आवाज आणि फोनवरचे संगीत आत घेण्याची सोय, एवढे वर्षभराच्या रियाजाला पुरते. घरी संगणक आणि ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात घेणारी पेटी) आधीच असेल तर त्यावरही काम भागते, परंतु संगणक चालू करून सॉफ्टवेअर उघडेपर्यंत थकलेल्या माणसाचा उत्साह मावळतो, आणि जॅकमध्ये खोचून लगेच वाजवता येणे हा या छोट्या उपकरणांचा मोठा गुण आहे. दुकानात जाताना आपली गिटार शक्यतो सोबत न्यावी. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारचा जॅक खोलगट वाटीत असतो, तिथे काही प्लग नीट बसत नाहीत. अशा वेळी वीतभर लांबीची जोडतार घ्यावी.

हेडफोन मात्र तारेचाच हवा. ब्लूटूथ हेडफोनपर्यंत आवाज पोहोचायला सहसा शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, हे लक्षात घेतले तर दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर ठेवलेला ॲम्प. तेवढा सहज चालतो. शंभर मिलिसेकंद म्हणजे तो ॲम्प 34 मीटरवर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यासारखे झाले. अशा अंतरावरून लय धरणे अशक्य आहे, आणि त्या उशिराची हाताला सवय लागली तर नुकसान अधिकच. हेडफोन ॲम्पच्या खोक्यावर ‘ब्लूटूथ’ लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ बहुतेक वेळा फोनवरचे संगीत आत येते इतकाच असतो, आणि त्या दिशेने उशीर झाला तरी बिघडत नाही, कारण आपण जे ऐकतो त्यालाच धरून वाजवतो. बॉसच्या ‘वाझा-एअर’सारखी स्वतःची वेगळी बिनतारी यंत्रणा असलेली उपकरणे या अडचणीतून सुटलेली आहेत, पण ती महाग आहेत. हेडफोन कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा असावा; उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेर झिरपतो आणि झोपलेल्या माणसाला तो जाणवतो. स्टुडिओतले 250 ओहमचे हेडफोन या लहान उपकरणांवर क्षीण वाजतात, तेव्हा 32 ओहमच्या आसपासचा निवडावा. आवाज एकाच कानात येत असेल तर दोष बहुधा ॲडॅप्टरचा असतो: मोनोच्या जागी स्टिरिओ ॲडॅप्टर लावला की प्रश्न मिटतो.

जोडणीचा क्रम ठरवून घ्यावा आणि तो कधी मोडू नये. उपकरण बंद आणि त्याचा व्हॉल्यूम शून्यावर असताना ते गिटारला जोडावे, मग हेडफोन उपकरणाला जोडावा, पण कानावर चढवू नये. त्यानंतर उपकरण चालू करावे, हेडफोन कानाला लावावा आणि तार छेडत व्हॉल्यूम हळूहळू वाढवावा. चालू स्थितीत प्लग खोचताना जो ‘धाड्’ असा आवाज होतो, तो स्पीकरमधून ऐकताना केवळ दचकवतो. हेडफोनमध्ये तो थेट कानाच्या पडद्यावर आदळतो.

आता आवाज कसा बांधायचा. गिटारवरचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा, उपकरणावरचा टोन मध्यावर आणि गेन अगदी खाली. गेन आणि व्हॉल्यूम यांत गल्लत होते म्हणून सांगतो: गेन आवाजाचा पोत बदलतो, तर कानापर्यंत किती आवाज पोहोचावा हे व्हॉल्यूम ठरवतो. गेन भरपूर वाढवला की हलका आणि जोरकस असे दोन्ही आघात एकसारखे ऐकू येतात; रिव्हर्ब (मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम) चढवला की स्वर अर्धवट सोडल्याची चूक त्याच्या शेपटीत विरून जाते. दोन्ही आवाज सुखद लागतात आणि म्हणूनच शिकणाऱ्याला फसवतात. रियाजाचा पहिला अर्धा वेळ स्वच्छ आवाजावर, रिव्हर्बशिवाय करावा, असा माझा आग्रह आहे. शेवटची दहा मिनिटे हवा तेवढा डिस्टॉर्शन लावून आवडीचे वाजवावे. तो आनंदही आवश्यकच आहे.

घूं असा आवाज सतत येत असेल तर उपकरण खराब झाले असे लगेच समजू नये. सिंगल कॉइल, म्हणजे तारेची एकच गुंडाळी असलेला, पिकअप आजूबाजूच्या विजेची 50 हर्ट्‌झची गुणगुण पकडतो. लॅपटॉपचा चार्जर आणि जुनी ट्यूबलाइट यांच्यापासून दूर बसावे, खुर्ची जागच्या जागी फिरवून ज्या दिशेला घूं कमी होते ती दिशा शोधावी आणि यूएसबीवर चालणारे उपकरण वाजवताना चार्जिंगला लावू नये.

कानांविषयी थोडे कठोरपणे लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास सुरक्षित मानला जातो, आणि 90 डेसिबलचा फक्त चार तास. रोज तासभर मोठ्या आवाजात वाजवणारा ही मर्यादा चार दिवसांत संपवतो. वाजवता वाजवता कान सरावतात आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो, हे प्रत्येकाच्या बाबतीत घडते. त्यावर साधा उपाय असा की, शांत खोलीत, ताज्या कानांनी योग्य वाटणारा व्हॉल्यूम एकदा लावावा आणि त्या जागी बटणाशेजारी नखरंगाचा ठिपका द्यावा. त्या ठिपक्यापलीकडे जायचे नाही. वाजवून झाल्यावर कानात शिटी किंवा बधिरपणा जाणवला तर ठिपका आणखी मागे घ्यावा.

रियाजात काय वाजवावे याचे उत्तर ज्याच्या त्याच्या संगीतावर अवलंबून आहे, तथापि हेडफोनवर विशेष लाभणाऱ्या दोन गोष्टी सुचवतो. पहिली, तारा दाबून शांत ठेवण्याची. कोणताही चार स्वरांचा तुकडा अतिशय संथ वाजवावा आणि प्रत्येक स्वरानंतर पूर्ण शांतता ऐकू येते का ते पाहावे. मागे काही घुमत राहिले तर कोणती तार घुमली हे ओळखून ती उजव्या तळहाताच्या कडेने किंवा डाव्या तर्जनीच्या अग्राने थोपवावी.

दुसरी गोष्ट बेंडची, म्हणजे दाबलेली तार बाजूला ढकलून स्वर चढवण्याची. सतार किंवा गाणे ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ती विशेष जवळची वाटेल. फोनवर तानपुऱ्याचे ॲप लावून षड्ज पांढरी सहावर, म्हणजे गिटारच्या मोकळ्या पाचव्या तारेवर ठेवावा, तानपुऱ्याची पहिली तार पंचमात मिळवावी आणि फोनचा आवाज उपकरणात घ्यावा. गिटारच्या तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला मध्यम मिळतो. तो वाजवून तार वर ढकलत पंचमापर्यंत न्यावी. स्वर कमी पडला किंवा पुढे गेला तर तानपुऱ्याच्या पंचमाशी त्याची थरथर ऐकू येते. नेमक्या जागी पोहोचला की थरथर विरते आणि दोन स्वर एकच होतात. ट्यूनरच्या काट्यापेक्षा हा गुरू मला अधिक विश्वासाचा वाटतो, कारण मंचावर काटा नसतो आणि कान असतो. पुढे हाच बेंड मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत तीनतालाच्या ठेक्यावर घ्यावा, पंचम नेमका समेवर लागेल असा.

हेडफोन लावल्यावर आपल्याला ऐकू येत नाहीत असे आवाज घरात इतरांना ऐकू येतात, याचाही विचार करावा. पिकची टकटक शांत रात्री पलीकडच्या खोलीत जाते. शक्य तेव्हा बोटांनी वाजवावे. गिटारचे डोके कपाटाला टेकले तर अख्खे कपाट पेटीसारखे घुमते. पायाने ठेका धरण्याची सवय असेल तर खाली सतरंजीची घडी ठेवावी, कारण फरशीवरचा ठेका खालच्या मजल्यावर थेट पोहोचतो.

आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी सकाळी, हेडफोन काढून स्पीकरवर माफक आवाजात अवश्य वाजवावे. खोलीत पसरणारा आवाज, गिटारचा फीडबॅक (स्पीकरचा आवाज तारांत परत शिरून उठणारा सूर), इतरांच्या आवाजात आपला व्हॉल्यूम राखणे, यांपैकी काहीही हेडफोन शिकवू शकत नाही.

रियाज संपला की व्हॉल्यूम शून्यावर आणून उपकरण बंद करावे आणि जॅकमधून काढावे. तसेच लावून गिटार भिंतीला टेकवली आणि ती घसरली तर उपकरणासोबत जॅकही तुटतो. महिनाभर वाजवणे होणार नसेल तर सेल काढून ठेवावेत, कारण गळलेला सेल आतले स्प्रिंग खाऊन टाकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कोरड्या सुती फडक्याने तारा पुसून, उपकरण सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवावे.