ध्रुवप्रदेश शिकवायला दोन ग्लास पुरतात

सहावीच्या वर्गात ध्रुवप्रदेश शिकवायचा असेल तर नकाशाआधी काचेचे दोन ग्लास घ्या. एकात पाणी भरून बर्फाचे खडे तरंगत सोडा. दुसऱ्यात दगड रचा, त्यांच्यावर बर्फ ठेवा आणि पाणी बर्फाला टेकणार नाही इतकंच ओता. दोन्हीकडे पातळीवर स्केचपेनने रेघ मारा. आता विचारा, बर्फ वितळल्यावर कुठलं पाणी रेघ ओलांडेल? उत्तर अजिबात सांगू नका. वाद होऊ द्या. माझ्या वर्गात तो मधल्या सुट्टीपर्यंत चालतो. तरंगता बर्फ वितळूनही पाणी रेघेवरच राहतं, दगडांवरचा वितळला की वर चढतं.

मग पृथ्वीगोल काढा. उत्तर ध्रुवावर समुद्र आणि त्यावर तरंगता बर्फ. दक्षिणेला अख्खा खंड, त्यावर सरासरी सुमारे २ किलोमीटर जाडीचा थर. तो सगळा वितळला तर जगभरचा समुद्र ५० मीटरहून जास्त चढेल. (ग्रीनलंडचा बर्फही जमिनीवरचाच, हे आवर्जून दाखवा.) आमची कोकणातली मुलं इथे लगेच आपल्या गावाची उंची विचारतात. ती शोधायला वेळ द्याच.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, हेही सांगा. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली तिथली केंद्रं मुलांनाच नकाशावर शोधू द्या.